उत्तर भलत्याच पत्त्यावर जाते तेव्हा: ईमेलच्या हेडरमधून उत्तराचा खरा पत्ता कसा शोधावा

"आम्ही त्याच दिवशी उत्तर पाठवले होते, तुम्हाला मिळाले नाही का?" असे समोरून विचारले गेले की बहुतेक जण आधी स्पॅमचा फोल्डर पाहतात, मग नेटवर्कवर खापर फोडतात आणि शेवटी तोच मेल पुन्हा पाठवायला सांगतात. लहान कारखाने, शाळा आणि पतसंस्था यांची मेलव्यवस्था सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, आणि अशा तक्रारींचा माग काढताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसत आले आहे की मेल हरवलेला नसतो. तो व्यवस्थित पोहोचलेला असतो, फक्त ज्याला मिळायला हवा त्याला सोडून दुसऱ्याच कोणाला तरी. 'रिप्लाय' दाबल्यावर 'टू'च्या चौकटीत जो पत्ता आपोआप येऊन बसतो तो कुठून आला हे कोणी पाहत नाही, कारण तो बरोबरच असणार असे सगळे धरून चालतात.

असे धरून चालणे महागात पडते. उत्तर पोहोचले नाही तर काम खोळंबते आणि दुसऱ्या दिवशी फोन करून ते मार्गी लावता येते. पण एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या आजारपणाची हकिगत लिहून मागितलेली रजा साहेबांऐवजी कार्यालयातील सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडली, तर ती परत घेता येत नाही. हे मी घडताना पाहिले आहे, आणि त्या कर्मचाऱ्याची त्यात काडीचीही चूक नव्हती. म्हणून उत्तराचा पत्ता हेडर, म्हणजे मेलच्या मजकुराआधी असलेल्या माहितीच्या ओळी, वाचून कसा ठरवायचा आणि तो चुकीचा येत असेल तर चूक नेमकी कोणाच्या बाजूला आहे हे कसे ओळखायचे, ते इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात एका प्रत्यक्ष तक्रारीपासून करतो. साताऱ्यातील एका कारखान्याच्या खरेदी विभागाला एका पुरवठादाराकडून दर महिन्याला थकबाकीचे विवरण मेलने येत असे आणि विभागातील लेखनिक त्याला उत्तर देत असत. दर वेळी काही मिनिटांत 'असे खाते अस्तित्वात नाही' असा मेल परत येई. लेखनिक साहजिकच समजत की उत्तर पोहोचलेच नाही. ते पुन्हा पाठवत, मग फोन करत, आणि पुरवठादाराकडे मात्र तेच उत्तर दोन-तीनदा पोहोचलेले असे. हा प्रकार पाच महिने चालला होता. 'फ्रॉम'मधला पत्ता तपासला तर तो अगदी बरोबर होता, त्यामुळे दोष सर्व्हरचाच असणार अशी सगळ्यांची खात्री पटली होती.

अशा वेळी मेलचे मूळ हेडर उघडल्याशिवाय काहीच कळत नाही. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून मेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर 'शो ओरिजिनल' हा पर्याय मिळतो. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू एकत्र दाबावे. आउटलुकच्या जुन्या (क्लासिक) डेस्कटॉप आवृत्तीत मेल दोनदा क्लिक करून स्वतंत्र खिडकीत उघडावा आणि 'फाइल'मधून 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे. तिथे खालच्या चौकटीत इंटरनेट हेडर दिसतात. ॲपल मेलमध्ये 'व्ह्यू' मेन्यूतील 'मेसेज'खाली 'रॉ सोर्स' आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो: तपासणीसाठी मेल कोणाला द्यायचा असेल तर तो नुसता फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड केल्यावर तयार होतो तो तुमच्या नावाचा, नव्या हेडरचा नवा मेल, आणि ज्या ओळी पाहायच्या असतात नेमक्या त्याच गळून पडतात. मूळ मेल फाइल म्हणून जतन करून जोडणी म्हणून पाठवावा.

त्या विवरणाच्या हेडरमधील कामाच्या ओळी साधारण अशा होत्या. पत्ते काल्पनिक आहेत, आणि वाचायला सोपे जावे म्हणून ओळींची नावे व पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. मूळ हेडरमध्ये ते रोमन लिपीत दिसतात.

रिटर्न-पाथ: <परत-४४७१@वाहक.उदाहरण>
फ्रॉम: "लेखा विभाग" <लेखा@पुरवठादार.उदाहरण>
सेंडर: <संगणककक्ष@पुरवठादार.उदाहरण>
रिप्लाय-टू: "वसुली, मध्यवर्ती कार्यालय" <वसुली@पुरवठादार.उदाहरण>,
    <जुनेखाते@पुरवठादार.उदाहरण>
टू: <खरेदी@कारखाना.उदाहरण>
मेसेज-आयडी: <८८१२.०६@यंत्र३.वाहक.उदाहरण>
इन-रिप्लाय-टू: <७७०५.०५@कारखाना.उदाहरण>

पत्त्यासारखे दिसणारे आठ मजकूर यात आहेत. त्यांतले उत्तरासाठी कोणते, हे अंदाजाने ठरवायचे नसते. ईमेलच्या स्वरूपाचे जे मानक आहे, त्याची (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात) १९८२ सालची आवृत्ती आरएफसी ८२२, २००१ सालची २८२२ आणि ऑक्टोबर २००८ मधील ५३२२, आणि या सगळ्या काळात मूळ नियम तोच राहिला आहे: 'रिप्लाय-टू' ही ओळ असेल तर उत्तर तिच्यातील पत्त्यांवर जाते, ती नसेल तर 'फ्रॉम'मधील पत्त्यावर जाते. इतर कोणतीही ओळ साध्या उत्तरासाठी वापरायची नाही. उत्तर लिहिणाऱ्याला पत्ता हाताने बदलण्याची मोकळीक अर्थातच आहे, पण मेल वाचण्याच्या सॉफ्टवेअरने आपण होऊन काय करावे हे इतके स्पष्ट आहे.

या नियमामागचा विचार लक्षात आला की ओळी पाठ कराव्या लागत नाहीत. 'फ्रॉम' म्हणजे पत्र कोणाचे, 'सेंडर' म्हणजे ते प्रत्यक्ष कोणी धाडले, आणि 'रिप्लाय-टू' म्हणजे लिहिणाऱ्याला उत्तर कुठे हवे आहे. चिटणीसाने मजकूर लिहून पत्र रवाना केले तरी उत्तर चिटणीसाच्या नावे येत नाही. ते ज्याच्या वतीने पत्र गेले त्याच्या नावे येते. आउटलुकमध्ये कधी कधी 'अमुक यांच्या वतीने तमुक' असे दिसते, तेव्हा त्यातील एक नाव 'सेंडर'मधून आणि दुसरे 'फ्रॉम'मधून आलेले असते. आरएफसी ८२२ मध्ये तर 'सेंडर'मधील पत्ता उत्तरासाठी आपोआप कधीही वापरू नये असे स्वच्छ बजावलेले आहे. 'फ्रॉम'मध्ये एकाहून अधिक लेखक असतील तर 'सेंडर' देणे सक्तीचे आहे, पण तेव्हाही उत्तर लेखकांनाच जाते.

'रिटर्न-पाथ' ही ओळ सगळ्यांत जास्त फसवते, कारण तिच्या नावात 'परतीचा मार्ग' आहे. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूला प्रेषकाचा पत्ता लिहितात तो पत्र पोहोचले नाही तर परत यावे म्हणून. 'रिटर्न-पाथ' म्हणजे नेमके ते. सर्व्हर एकमेकांशी बोलताना पाकिटावरचा म्हणून जो पत्ता सांगतात, तो शेवटचा सर्व्हर मेलच्या वर या ओळीत नोंदवून ठेवतो, आणि न पोहोचल्याच्या सूचना त्या पत्त्यावर जातात. हजारो मेल पाठवणाऱ्या यंत्रणा प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी वेगळा परतीचा पत्ता बनवतात, म्हणजे कोणाचा मेल परत आला हे त्यांना पत्त्यावरूनच कळते. वरच्या उदाहरणातील ४४७१ हा आकडा तसाच आहे. तिथे पाठवलेले उत्तर माणसाच्या डोळ्यांखालून बहुधा जातच नाही, ते यंत्र वाचते आणि टाकून देते. याला एक अपवाद आहे आणि तो माहीत असावा: 'मी रजेवर आहे' अशी जी स्वयंचलित उत्तरे असतात, ती ऑगस्ट २००४ च्या आरएफसी ३८३४ नुसार 'रिटर्न-पाथ'मधील पत्त्यावरच जायला हवीत आणि तो पत्ता रिकामा असेल तर जाऊच नयेत, नाहीतर दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत बसतील. त्यामुळे 'रजेचे उत्तर रिप्लाय-टूवर गेले नाही' अशी तक्रार आली तर तो बिघाड समजू नका.

'मेसेज-आयडी' आणि 'इन-रिप्लाय-टू' यांत ॲट चिन्ह असते, कोनी कंस असतात, पण ते पत्ते नव्हेत. ते मेलचे ओळखक्रमांक आहेत. 'इन-रिप्लाय-टू' म्हणजे हा मेल आधीच्या कोणत्या मेलचे उत्तर आहे त्याचा क्रमांक. या ओळीच्या नावामुळे जाणकारही गोंधळतात, कारण हेडरमध्ये 'रिप्लाय-टू' असा शोध घेतला की ही ओळसुद्धा सापडते, आणि तिच्यातला मजकूर पत्ता समजून त्यावर मेल पाठवला की तो हमखास परत येतो. 'रिसेंट', म्हणजे 'पुन्हा पाठवलेला', या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीही दिसतील. मेल जसाच्या तसा पुढे धाडणाऱ्याने त्या केवळ माहितीसाठी ठेवलेल्या असतात आणि उत्तर ठरवताना त्या विचारात घ्यायच्या नाहीत.

आता वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. 'रिप्लाय-टू'ची ओळ स्वल्पविरामाने संपली आहे आणि पुढची ओळ मोकळ्या जागेने सुरू झाली आहे. हेडरची लांब ओळ अशी मोडून पुढे चालू ठेवता येते, आणि मोकळ्या जागेने सुरू होणारी प्रत्येक ओळ ही आधीच्या ओळीचाच भाग असते. आपल्या लेखनिकांच्या प्रत्येक उत्तराला दोन पत्ते लागत होते: वसुलीचा पत्ता चालू होता आणि तिथे उत्तर पोहोचत होते, तर जुने खाते केव्हाच बंद झाले होते आणि परत येणारी सूचना फक्त त्याच्याविषयी होती. मी स्वतः पहिल्या दिवशी हेडरमधून फक्त 'रिप्लाय-टू' या शब्दाची ओळ शोधून काढली होती, त्यामुळे मला एकच पत्ता दिसला आणि दुसरा निसटला. तेव्हापासून मी हेडर कधीही ओळीने शोधून वाचत नाही. ती ओळ आणि तिच्या खालची मोकळ्या जागेने सुरू होणारी प्रत्येक ओळ संपेपर्यंत वाचतो. परत आलेल्या सूचनेतही ती नेमक्या कोणत्या पत्त्याविषयी आहे हे लिहिलेले असते. ते आधी वाचले असते तर पाच महिने वाचले असते.

मराठी नावे असलेल्या हेडरमध्ये ही ओळ मोडण्याची गोष्ट जवळजवळ रोज घडते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हेडरमध्ये देवनागरी नाव सहसा थेट लिहिले जात नाही. नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४७ मधील पद्धतीने ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक तुकड्यांत बदलले जाते आणि वाचताना सॉफ्टवेअर त्याचे पुन्हा देवनागरी करते. असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा लांब असून चालत नाही. त्यातील १२ चिन्हे सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांवर खर्च होतात, उरलेल्यांत ४५ बाइट मावतात, आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे व्यंजनाला, मात्रेला आणि हलंतालाही, तीन बाइट लागतात. म्हणजे एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हे बसतात. 'लेखा विभाग' सहज मावते, पण 'मध्यवर्ती कार्यालय' एवढ्याच नावाला ५२ बाइट लागतात, त्याचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा बहुतेक वेळा खालच्या ओळीवर जातो. खरा पत्ता त्याच्याही नंतर येतो. म्हणून मूळ हेडरमध्ये 'रिप्लाय-टू'च्या पहिल्या ओळीवर नुसती निरर्थक अक्षरे दिसली तर ही ओळ बिघडली आहे असे समजू नका आणि पत्ता नाही असेही समजू नका. खाली वाचत जा.

यातूनच एक अधिक वाईट चूक उद्भवते. हेडरमध्ये दोन पत्त्यांच्या मधे स्वल्पविराम असतो, आणि आपल्याकडे कार्यालयीन नावांत 'वसुली, मध्यवर्ती कार्यालय' किंवा यादीत 'कुलकर्णी, लेखापाल' असे लिहिण्याची पद्धत आहे. नाव अवतरणचिन्हांत असेल किंवा सांकेतिक तुकड्यांत असेल तर आतला स्वल्पविराम नावाचाच भाग राहतो. पण काही सॉफ्टवेअर आधी सांकेतिक तुकड्यांचे देवनागरी करतात आणि मग स्वल्पविरामावर ओळ तोडतात. परिणाम असा होतो की 'वसुली' हा एक प्राप्तकर्ता आणि 'मध्यवर्ती कार्यालय' हा दुसरा असे दोन तयार होतात. पहिल्याला पत्ताच नसतो, आणि तो तुमच्या ॲड्रेस बुकमधील 'वसुली'ने सुरू होणाऱ्या भलत्याच नोंदीशी जुळवला जाण्याचा धोका असतो. तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहीत असाल तर क्रम उलटा ठेवा: आधी ओळ नियमानुसार पत्त्यांत विभागायची, मग प्रत्येक नाव उलगडायचे. पत्ते वेगळे करण्यासाठी स्वल्पविरामावर हाताने तोडणे तर कधीच नको. पायथॉनसारख्या भाषांत हे काम नीट करणारी तयार साधने आहेत. आणि तुम्ही पाठवणारे असाल तर प्रदर्शित नावात स्वल्पविराम न ठेवणे हा सगळ्यांत सोपा उपाय आहे. 'वसुली मध्यवर्ती कार्यालय' असे लिहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

'रिप्लाय ऑल'मध्ये नियम थोडा वाढतो. 'रिप्लाय-टू' ही ओळ फक्त 'फ्रॉम'ची जागा घेते. 'टू' आणि 'सीसी'मधले लोक त्यात जसेच्या तसे मिळवले जातात आणि तुमचा स्वतःचा पत्ता वगळला जातो. यातून एक परिणाम निघतो जो अनेकांना अनपेक्षित असतो: 'रिप्लाय-टू' वेगळा असेल तर 'फ्रॉम'मधील मूळ लेखकाला 'रिप्लाय ऑल' केल्यावरही बहुधा उत्तर जात नाही, कारण त्यानेच उत्तर दुसरीकडे मागितलेले असते. तुम्हाला मेल 'बीसीसी'ने आला असेल तर 'रिप्लाय ऑल' मुळीच करू नका. तुम्ही त्या यादीत होता हे ज्यांच्यापासून लपवले होते त्यांनाच ते कळते. आपल्याला 'बीसीसी'ने मेल आला आहे हे ओळखण्याची खूण म्हणजे 'टू' व 'सीसी' दोन्हींत आपला पत्ता नसणे, आणि 'डिलिव्हर्ड-टू'सारख्या ओळीत मात्र तो असणे.

रजेच्या अर्जाची जी हकिगत सुरुवातीला सांगितली, तिचे कारण मेलिंग लिस्ट हे होते. साहेबांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या सामायिक पत्त्यावर सूचना पाठवली, त्या पत्त्याची व्यवस्था अशी केलेली होती की प्रत्येक मेलला 'रिप्लाय-टू' म्हणून तोच सामायिक पत्ता जोडला जाई, आणि कर्मचाऱ्याने साधे 'रिप्लाय' केले. त्याने 'रिप्लाय ऑल' केलेच नव्हते, हे त्याने मला तीन-चारदा सांगितले आणि ते खरे होते. अशा व्यवस्थेत साधे उत्तर आणि सर्वांना उत्तर यांतला फरकच पुसला जातो. ती ओळखण्यासाठी हेडरमध्ये 'लिस्ट-आयडी' आणि 'लिस्ट-पोस्ट' या ओळी आहेत का पाहा. 'लिस्ट-पोस्ट'मधील पत्ता आणि 'रिप्लाय-टू'मधील पत्ता एकच असेल तर उत्तर सर्वांना जाणार आहे हे निश्चित समजा, आणि लेखकाला खासगी उत्तर द्यायचे असेल तर 'टू'मधील पत्ता खोडून त्याचा पत्ता हाताने लिहा. माझे स्पष्ट मत असे आहे की कार्यालयीन सूचनांसाठी असलेल्या सामायिक पत्त्यावर ही सोय चालू ठेवूच नये; चर्चेसाठी असलेल्या लहान गटात ती उपयोगी पडते, पण सूचनेला येणारी उत्तरे बहुतेक वेळा वैयक्तिक असतात.

यादीतून आलेल्या मेलमध्ये लेखकाचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये सापडत नाही, असाही अनुभव येईल. याचे मूळ एप्रिल २०१४ मध्ये आहे. त्या महिन्यात याहूने आणि पाठोपाठ एओएलने आपल्या डीमार्क धोरणात (मेल खरोखर 'फ्रॉम'मधील पत्त्याच्या मालकाचाच आहे का हे तपासण्याच्या पद्धतीत) असे जाहीर केले की त्यांच्या नावाचा मेल अधिकृत मार्गाने आलेला नसेल तर तो नाकारावा. मेलिंग लिस्ट मेलमध्ये थोडे फेरफार करून तो आपल्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, त्यामुळे असे मेल सरसकट नाकारले जाऊ लागले. तेव्हा मेलमनसारख्या, याद्या चालवणाऱ्या प्रणालींनी 'फ्रॉम'मध्ये लेखकाच्या नावापुढे 'व्हाया' लिहून पत्ता मात्र यादीचा घालायला सुरुवात केली. लेखकाचा मूळ पत्ता अशा वेळी 'रिप्लाय-टू'मध्ये ठेवतात, किंवा काही व्यवस्थांत 'एक्स-ओरिजिनल-फ्रॉम' नावाच्या ओळीत सापडतो. म्हणजे इथे 'फ्रॉम'मधील नाव माणसाचे आणि पत्ता यादीचा, अशी जोडी असते. नाव पाहून पत्त्यावर विसंबू नये.

चूक पाठवणाऱ्याच्या बाजूला असेल तर ती कुठे शोधायची? जीमेलमध्ये 'सेटिंग्ज'मधील खात्यांच्या भागात 'सेंड मेल ॲज'समोर 'एडिट इन्फो' आहे, तिथे वेगळा उत्तराचा पत्ता देता येतो, आणि एकदा दिलेला पत्ता लोक वर्षानुवर्षे विसरून जातात. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये त्यासाठी सरळ एक रकाना आहे. क्लासिक आउटलुकमध्ये एकेका मेलपुरते 'डायरेक्ट रिप्लाइज टू' असते. बिले आणि विवरणे पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा पत्ता मेल पाठवण्याच्या सर्व्हरच्या माहितीशेजारी लपलेला असतो. आपल्या पुरवठादाराकडे तो तिथेच मिळाला.

संकेतस्थळावरील चौकशीचा फॉर्म ही आणखी एक नेहमीची जागा आहे. एका शाळेत प्रवेशाच्या चौकशीला कार्यालयातून उत्तरे दिली जात होती आणि पालक मात्र उत्तर आलेच नाही म्हणून शाळेत येऊन विचारत होते. फॉर्ममधून येणाऱ्या मेलचा 'फ्रॉम' होता शाळेच्याच संकेतस्थळाचा पत्ता, 'रिप्लाय-टू' नव्हताच, आणि पालकांचा पत्ता फक्त मजकुरात लिहिलेला होता. नियमाप्रमाणे प्रत्येक उत्तर शाळेच्याच एका न उघडलेल्या पेटीत जमा होत होते. आम्ही ती उघडली तेव्हा सगळी उत्तरे तिथे ओळीने पडलेली होती. यावर उपाय म्हणून पालकाचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवल्यासारखे ते होते आणि तपासणीत असा मेल अडकतो. 'फ्रॉम' आपल्या डोमेनचाच (पत्त्यातील ॲट चिन्हानंतरच्या भागाचाच) ठेवावा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये जावा. वर्डप्रेसच्या कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये 'ॲडिशनल हेडर्स'च्या चौकटीत हीच ओळ द्यायची असते.

'रिप्लाय-टू'च्या दोन स्वतंत्र ओळी आढळल्या तर तो नियमभंग आहे. ही ओळ मेलमध्ये जास्तीत जास्त एकदाच यायला हवी. अशा वेळी एक सॉफ्टवेअर पहिली धरते, दुसरे शेवटची, म्हणूनच 'माझ्याकडून बरोबर जाते, त्यांच्याकडून चुकीचे' अशी कोड्यात टाकणारी तक्रार येते. त्यावर उत्तर देणाऱ्याच्या बाजूने काही करता येत नाही, पाठवणाऱ्यालाच कळवावे.

पैशांच्या व्यवहारात मात्र वेगळा 'रिप्लाय-टू' दिसला की थांबावे. डीमार्कची तपासणी 'फ्रॉम'मधील डोमेनपुरती असते. 'रिप्लाय-टू'मध्ये काय लिहिले आहे ते ती पाहत नाही. हेडरमधील 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या तपासणीच्या निकालाच्या ओळीत सगळीकडे पास लिहिलेले असले तरी उत्तर तिसऱ्याच डोमेनवर, किंवा एका अक्षराने वेगळ्या असलेल्या डोमेनवर जाऊ शकते. बँक खाते बदलल्याचे सांगणारा मेल आला आणि 'फ्रॉम' व 'रिप्लाय-टू' यांची डोमेन जुळत नसतील, तर त्या मेलला उत्तर न देता आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच असतील तर भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

दुरुस्ती झाल्यावर ती तपासण्यासाठी पाठवणाऱ्याच्या 'सेंट' फोल्डरवर विसंबू नका, कारण वाटेतला सर्व्हर किंवा यादी हेडरमध्ये नंतर भर घालू शकते. संस्थेबाहेरच्या एखाद्या खात्यावर चाचणीचा मेल मागवावा, त्याचे मूळ हेडर उघडून 'रिप्लाय-टू' शेवटच्या मोडलेल्या ओळीपर्यंत वाचावे, आणि प्रत्यक्ष 'रिप्लाय' दाबून 'टू'च्या चौकटीतील नावावर क्लिक करून आतला पत्ता पाहावा. आपल्या पुरवठादाराला मी हेडरमधील फक्त त्या दोन ओळी आणि परत आलेल्या सूचनेतील पत्ता असे तीनच तुकडे पाठवले. त्यांच्या संगणक कक्षाने त्याच दुपारी जुना पत्ता काढून टाकला.

तरीही पुढच्या आठवड्यात लेखनिकांना तीच सूचना पुन्हा आली, आणि सेटिंग जतन झाले नाही की काय अशी शंका घेतली गेली. सेटिंग बरोबर झाले होते. लेखनिकांनी उत्तर दिले होते ते मागच्या महिन्याच्या विवरणाला, आणि आधीच पोहोचलेल्या मेलमधील 'रिप्लाय-टू' नव्या सेटिंगने बदलत नाही. तो मेल जोवर कोणाच्या इनबॉक्समध्ये आहे तोवर त्याला येणारे उत्तर जुन्याच पत्त्यावर जाते. म्हणून पत्ता बदलताना जुने खाते लगेच बंद न करता त्यावरील मेल काही महिने नव्या पत्त्यावर वळवून ठेवावेत, आणि उत्तर देणाऱ्यांना जुन्या मेलवरून उत्तर न देता नव्या विवरणावरूनच द्यायला सांगावे. पुरवठादाराने जुने खाते पुन्हा सुरू करून ते वसुलीकडे वळवले, आणि त्यानंतर तशी सूचना आली नाही.